इम्प्लांट काढायचं ऑपरेशन: काय होतं, किती दिवस लागतात आणि नंतर छाती कशी राहते

प्रश्न विचारणारी ताई मालवणकडची आहे, वय ३९. लग्नाआधी, म्हणजे ११ वर्षांपूर्वी, मुंबईत छातीत दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे इम्प्लांट, म्हणजे आकार वाढवायच्या पिशव्या, बसवले होते. आता डावी बाजू कडक झालीय, वर सरकल्यासारखी दिसते, त्या कुशीवर झोपलं की दुखतं. तिला काढूनच टाकायचेत, नवीन नकोत. विचारलंय की ऑपरेशन किती मोठं, दुखतं किती, ते 'एन ब्लॉक', म्हणजे सगळं एका तुकड्यात, करायलाच हवं का, नंतर कसं दिसेल, आणि घरी विहिरीचं पाणी भरायचं असतं, सासूबाईंना यातलं काही माहीत नाही, तर कसं निभवायचं.

मी प्लास्टिक सर्जन आहे, आधी मुंबईत होते आणि आता बरीच वर्षं रत्नागिरीत. असे पेशंट आमच्याकडे येतात, पण त्यातल्या बऱ्याच जणी परळला कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर छाती परत बनवून घेतलेल्या असतात, हौसेने बसवून घेतलेल्या कमी, आणि त्या कमी असलेल्या बायका जास्त उशिरा येतात कारण सांगायची लाज वाटते. ताई, पहिलं ते डोक्यातनं काढा. डॉक्टरला त्यात काही नवीन नाही.

तुम्ही लिहिलंय ते वाचून हे कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर वाटतंय. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती एक आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात, ते प्रत्येकीला होतं आणि एरवी ते फणसाच्या आठळीवर पातळ पांढरं साल असतं ना, तेवढंच असतं, हाताला कळत पण नाही. काही जणींत ते जाड होतं, आवळतं, कधी कॅल्शियम साचून कडक होतं. याच्या चार ग्रेड असतात, बेकर ग्रेड म्हणतात: पहिलीत काही कळत नाही, दुसरीत हाताला घट्ट लागतं, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतं पण. तुमचं वर्णन चौथीकडे झुकतंय, पण हात लावून बघितल्याशिवाय मी हे नक्की सांगणार नाही. कॅन्सरनंतर शेक घेतलेल्या, म्हणजे रेडिएशन झालेल्या बायकांत हे जास्त होतं.

ऑपरेशनच्या आधी सोनोग्राफी नाहीतर एमआरआय करून घ्या, कारण सिलिकॉनचं इम्प्लांट आत फुटलं तरी बाहेरून कळत नाही. सलाईनचं, म्हणजे मिठाचं पाणी भरलेलं, असेल तर ते एक-दोन दिवसांत चपटं होतं आणि पेशंटलाच कळतं, सिलिकॉनचा जेल मात्र घट्ट असतो, तो बहुतेक वेळा कॅप्सूलच्या आतच राहतो, बाईला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. फाटलं असेल तर सर्जनला आधीच माहीत हवं, जेल पुसून काढायला वेळ लागतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२० मध्ये सांगितलं की काहीही त्रास नसला तरी सिलिकॉन इम्प्लांट बसवल्यावर ५-६ वर्षांनी एकदा आणि मग दर २-३ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी. आपल्याकडे हे कोणी करत नाही. बसवताना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि ते कार्ड शोधा. बसवताना इम्प्लांटचं कार्ड देतात, त्यावर कंपनी, साइज, सिरीयल नंबर असतो. कार्ड हरवलं असेल तर जिथे केलं तिथल्या रेकॉर्डमधून केस पेपर मागा. का ते सांगते. पीआयपी नावाची फ्रेंच कंपनी होती, ती कारखान्यात वापरायचं स्वस्तातलं सिलिकॉन भरून इम्प्लांट विकत होती, ते २०१० मध्ये उघडकीला आलं आणि फ्रान्स सरकारने २०११ च्या शेवटी बायकांना ते काढून घ्या म्हणून सांगितलं. नंतर २०१९ मध्ये अॅलरगन कंपनीचे बायोसेल नावाचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांच्याभोवतीच्या कॅप्सूलमध्ये एक दुर्मिळ प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, जास्त सापडत होता. तो स्तनाचा कॅन्सर नाही, वेगळा आहे. घाबरवायला सांगत नाहीये, त्रास नसलेल्यांनी बायोसेल काढायची गरज नाही असंच तेव्हाही सांगितलं होतं. पण तुमचे कुठले आहेत हे माहीत असावं. इतक्या वर्षांनी अचानक एका बाजूला पाणी साचून छाती सुजली तर मात्र त्या पाण्याची तपासणी झालीच पाहिजे, सीडी ३० नावाची टेस्ट लावतात, नुसतं सुईने पाणी काढून घरी पाठवणं बरोबर नाही. तसं काही नसलं तरी काढलेली कॅप्सूल तपासायला पाठवा असं मी प्रत्येकीला सांगते.

आता एन ब्लॉक. हा शब्द हल्ली मोबाईलवर व्हिडिओ बघून प्रत्येक जण घेऊन येते. अर्थ एवढाच की इम्प्लांट आणि त्याभोवतीची अख्खी कॅप्सूल न उघडता, बाजूच्या थोड्या चांगल्या भागासकट एका तुकड्यात काढायची. हे कॅन्सरसाठी आहे. तो लिम्फोमा असेल तर तसंच काढावं लागतं, त्यात वाद नाही. बाकीच्यांना त्याची गरज नसते आणि त्याची किंमत मोजावी लागते, काप मोठा घ्यावा लागतो, रक्त जास्त जातं, आणि इम्प्लांट स्नायूच्या खाली असेल तर मागची कॅप्सूल बरगड्यांना चिकटलेली असते, ती ओढून काढताना फुप्फुसाभोवतीच्या आवरणाला भोक पडू शकतं. तुमची डावीकडची कॅप्सूल जाड झालीय तर ती बहुतेक सगळी किंवा जमेल तेवढी काढतील, उजवीकडची पातळ असेल तर तिला हात न लावता फक्त इम्प्लांट काढलं तरी चालतं, पातळ कॅप्सूल शरीर हळूहळू जिरवून टाकतं. जो सर्जन बघायच्या आधीच फोनवर 'आम्ही सगळ्यांचं एन ब्लॉकच करतो' म्हणतो त्याला जरा प्रश्न विचारा.

याच्या जोडीला दुसरं एक येतं, ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस. थकवा, सांधे दुखणं, केस गळणं, विसरायला होणं, झोप नाही. हा अजून अधिकृत आजार म्हणून ठरलेला नाही, त्याची एक अशी टेस्ट नाही, पण बायका खोटं सांगतायत असं मी म्हणणार नाही, काढल्यावर बरं वाटलं म्हणणाऱ्या खूप जणी आहेत. फक्त आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, डी व्हिटॅमिन बघून घ्या. आमच्याकडे थकवा थकवा म्हणत आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठच्या खाली निघणं काही नवीन नाही, तिचे इम्प्लांट काढून थकवा जाणार नाही. आणि कॅप्सूल जास्त काढली म्हणून जास्त बरं वाटतं असंही अभ्यासात दिसलेलं नाही.

ऑपरेशनचा दिवस हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. पूर्ण भूल देतात. नुसतं काढायचं असेल तर तासाभराचं काम, दोन्हीकडच्या कॅप्सूल काढायच्या तर दोन-तीन तास, सोबत छाती वर उचलून घ्यायची तर अजून वेळ. काप बहुतेक वेळा जुन्याच जागी, छातीच्या खालच्या घडीत घेतात, म्हणजे नवीन व्रण होत नाही. कॅप्सूल काढली असेल तर दोन्हीकडे एकेक नळी ठेवतात, ड्रेन, तिच्या टोकाला छोटी बाटली असते त्यात लालसर पाणी जमतं. ते रोज मोजून लिहायचं, चोवीस तासांत २०-३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात, कोणाची तिसऱ्या दिवशी निघते, कोणाची आठवडा घेते. बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी घरी सोडतात. पण तुम्ही मालवणच्या, ऑपरेशन मुंबईला नाहीतर गोव्याला नाहीतर कोल्हापूरला केलंत तर मी म्हणेन एक रात्र हॉस्पिटलमध्येच काढा आणि नळ्या निघेपर्यंत त्याच गावात राहा, डोंबिवलीला कोणी ना कोणी नातेवाईक असतोच आपला. नळ्या लावून घाटातून एसटीने किंवा हायवेच्या खड्ड्यांतून यायचं म्हणजे हाल. नंतर येताना रेल्वेने या, खालचा बर्थ, बॅग दुसऱ्याने उचलायची, अगदी पर्ससुद्धा खांद्याला लावू नका.

दुखणं तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी असतं. इम्प्लांट बसवताना स्नायू ताणला गेला होता म्हणून तेव्हा जास्त दुखलं होतं, आता तो ताण सुटतो. पहिले दोन-तीन दिवस गोळ्या लागतात, मग साध्या पॅरासिटॅमॉलवर भागतं. कित्येक जणी शुद्धीवर आल्या आल्या पहिलं हेच सांगतात की छातीवरचं ओझं गेलं. ३०० सीसीचं इम्प्लांट साधारण ३०० ग्रॅमचं असतं, दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या वर झालं.

जड जातं ते आरशात बघणं. यावर मी पेशंटशी सगळ्यात जास्त वेळ बोलते, कारण काढायचं कसं हे सगळ्या जणी विचारतात आणि काढल्यावर काय उरणार हे फार थोड्या जणी विचारतात. पहिल्यांदा पट्टी सुटते तेव्हा छाती चपटी, सैल, सुरकुतलेली दिसते, कधी निप्पल आत ओढल्यासारखं, दोन बाजू वेगवेगळ्या. कॅप्सूल जिथे काढली तिथे खड्डा वाटतो. हे शेवटचं रूप नाही. इतकी वर्षं इम्प्लांटखाली दाबली गेलेली तुमची स्वतःची चरबी आणि ग्रंथी पुढच्या आठवड्यांत थोड्या फुगतात, कातडी आवळते, तीन महिन्यांत बराच फरक पडतो आणि सहा महिने ते वर्षाने जे दिसतं ते खरं. कातडी किती आवळेल हे वय, मुलं किती, अंगावर पाजलंय का, इम्प्लांट किती मोठं होतं आणि मूळची छाती किती होती यावर आहे. लहान इम्प्लांट आणि स्वतःचं मांस बऱ्यापैकी असेल तर छान बसतं. मोठं इम्प्लांट, पातळ कातडी, दोन बाळंतपणं, तर ओघळलेलीच राहणार, तिथे मी खोटी आशा लावत नाही.

मग लिफ्ट करायची का, म्हणजे जास्तीची कातडी काढून छाती वर घ्यायची का. एकाच वेळी करता येते, भूल एकदाच, पण व्रण वाढतात, निप्पलभोवती आणि खाली उभा. आणि एक धोका आहे तो नीट समजून घ्या, कॅप्सूल काढताना निप्पलकडे जाणारा रक्तपुरवठा आधीच कमी होतो, त्यात लिफ्टचे काप घेतले तर निप्पलची कातडी काळी पडू शकते. ज्यांचं मांस पातळ आहे त्यांना मी सांगते की आत्ता फक्त काढा, सहा महिने थांबा, मग आरशात बघून ठरवा. थांबलेल्यांपैकी बऱ्याच जणी नंतर लिफ्ट नकोच म्हणतात, एका आजींनी तर मला सरळ सांगितलं, 'माका नको तां, असांच बरां आसा'. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून तिथे भरता येते, त्यातली काही जिरते, त्यामुळे कधी दोनदा करावं लागतं.

कॅन्सरनंतर बसवलेलं इम्प्लांट काढायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे खाली स्वतःचं स्तन उरलेलं नसतं. एकतर पोटाचं किंवा पाठीचं मांस वापरून परत बनवायचं नाहीतर सपाट ठेवायचं. सपाट हवं असेल तर ते ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगा आणि कागदावर लिहून घ्या की कातडीच्या घड्या, काखेकडचे गोळे न ठेवता नीट सपाट शिवायचं. नंतर ब्रामध्ये घालायला सिलिकॉनचे किंवा कापसाचे, लोकरीचे हलके कप मिळतात.

तयारीत दोन गोष्टी. रक्त पातळ करायच्या गोळ्या, अॅस्पिरिन, आणि गावातल्या वैद्याची जी काही चूर्णं चालू असतील ती सगळी डॉक्टरला दाखवा, कुठली कधी बंद करायची ते तेच सांगतील, हृदयाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दुसरी गोष्ट मशेरी. डॉक्टर विचारतात 'तंबाखू?', बाई म्हणते नाही, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, टाके उसवतात, निप्पल जातं. चार आठवडे आधी बंद आणि चार आठवडे नंतर बंद. जी बंद करत नाही तिची मी लिफ्ट करत नाही.

घरी आल्यावरचं. दुसऱ्या दिवसापासून चालायचं, हात खांद्यापर्यंत हलवायचे, केस विंचरायचे, नाहीतर खांदा धरतो. सर्जिकल ब्रा रात्रंदिवस, साधारण चार ते सहा आठवडे. बसून काम असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत कामावर जाता येतं, स्कूटी तीन आठवड्यांनी. पण कळशी नाही. भरलेली कळशी दहा-बारा किलोची असते, रहाटावर ओढणं म्हणजे नेमका छातीचाच स्नायू, तो पहिले सहा आठवडे बंद. खोवणीवर नारळ खवणं, कोयतीने लाकडं फोडणं, पाटा-वरवंटा, भाताची लावणी, आंब्याच्या पेट्या उचलणं, सगळं त्यातच आलं. गणपतीच्या तोंडावर ऑपरेशन ठेवू नका, घरात पन्नास माणसं आली की तुम्ही बसून राहणार नाही हे मला माहीत आहे. निदान दोन महिने आधी करा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर केलंत तर अजून एक बरं, पावसाळ्यातला दमटपणा वाचतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर छातीच्या खालच्या घडीत घाम साचतो, टाके नेमके तिथेच, कातडी पांढरी पडून सोलते, बुरशी येते. तीन-चार ब्रा आणा, दिवसातून दोनदा बदला, ओलसर राहिलेली ब्रा घालू नका, इस्त्री फिरवून घाला. आंघोळीनंतर घडी टिपून पंख्याखाली सुकवायची. हळद, पावडर, खोबरेल टाक्यांवर काही नाही. जखम पूर्ण भरली, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, की मग डॉक्टरला विचारून व्रणाला मसाज आणि सिलिकॉन जेल. समुद्रात, नदीत सहा आठवडे उतरायचं नाही.

आणि मासे खा. टाके पिकतात म्हणून बाईला महिनाभर पेज आणि मुगाच्या वरणावर ठेवतात, याला काही आधार नाही, जखम भरायला प्रोटीन लागतं आणि बांगडा, पेडवे, अंडी याच्याइतकं स्वस्त प्रोटीन कोकणात दुसरं नाही. तुम्हाला ज्या माशाची अॅलर्जी आहे तो सोडा, बाकी खुशाल.

कधी धावायचं ते घरच्यांना पण सांगून ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, टणक-जांभळी झाली तर आत रक्त साचतंय, ते परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. ताप, लाली, पू, वास. दम लागणं, छातीत कळ, एकाच पायाची पोटरी सुजणं. दम लागला तर मुंबईच्या डॉक्टरला गाठायला निघू नका, १०८ ला फोन करा आणि जवळच्या जिल्हा रुग्णालयात जा, तिथून तुमच्या सर्जनशी फोनवर बोलता येईल. पावसाळ्यातला ताप जखमेचाच असेल असं नाही, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, पण असतो आपल्याकडे, पण आधी जखम दाखवायची.

पैशाचं थोडक्यात. मेडिक्लेममध्ये सौंदर्याची ऑपरेशनं बसत नाहीत, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि तब्येतीला थेट धोका असलेलं काढणं याला अपवाद असतो. तुमचं हौसेने बसवलेलं होतं म्हणून कंपनी नाही म्हणू शकते, तरी कॉन्ट्रॅक्चरची ग्रेड, दुखणं आणि फाटलं असेल तर एमआरआयचा रिपोर्ट लिहून सर्जनचं पत्र घ्या आणि आधीच परवानगी मागा, नंतर बिल लावून भांडण्यात अर्थ नाही.

राहिल्या सासूबाई. तुमचा पेपर तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर कोणाला दाखवू शकत नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा. 'गाठ काढली' असं मात्र सांगू नका, गावात संध्याकाळपर्यंत त्याचा कॅन्सर होतो आणि मग महिनाभर बघायला माणसं येतात, प्रत्येकीला चहा. छातीला जुना त्रास होता, छोटं ऑपरेशन झालं, सहा आठवडे काही उचलायचं नाही, इतकं पुरे आहे. उचलायचं नाही हे मी डिस्चार्ज कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरात वेगळं लिहून देते, कारण सुनेने सांगितलेलं कोणी ऐकत नाही, डॉक्टरने लिहिलेलं ऐकतात. तुमच्या सर्जनलाही तसंच लिहायला सांगा, आणि कळशीचं नाव घालून लिहायला सांगा.